पाच पौंडांचा पहारेकरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्यांच्या विहिरीवर मोटार आहे त्यांना सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाची डबी चांगलीच माहीत असते. तीन फेजपैकी एक गेला की ही डबी मोटार बंद करते. पण पिकाची पाण्याची पाळी तोंडावर असली की हीच डबी शत्रूसारखी वाटू लागते. आमच्या वडिलांनी एका उन्हाळ्यात तारेचा तुकडा लावून ती ‘डायरेक्ट’ केली. चौथ्या दिवशी मोटार जळाली. रिवाइंडिंगचा खर्च झाला आणि पाळी चुकली ती चुकलीच.

हे सांगायचे कारण असे की, बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरी करत असताना मीही नेमके तेच केले. फक्त डबी वेगळी होती.

तिकडे ड्रॅग रेसिंगचे वेड फार. सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी पळवायच्या. या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केली. पुष्कळ हौशी मंडळी घरच्या गॅरेजमध्येच आपली गाडी तयार करतात. माझ्या शेजाऱ्यांकडे अशीच एक जुनी, कार्बोरेटरवाली व्ही-आठ इंजिनाची गाडी होती आणि सुटीच्या दिवशी मी त्यांचा हेल्पर असे.

या गाडीत नायट्रस ऑक्साइडची बाटली बसवलेली होती. नायट्रस ऑक्साइड म्हणजे आपण ज्याला हास्यवायू म्हणतो तोच. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तर या वायूत ३६ टक्के. इंजिनातल्या उष्णतेने तो फुटतो, जादा प्राणवायू मोकळा होतो आणि त्या प्रमाणात जादा पेट्रोल जाळता येते. ताकद येते ती या जादा पेट्रोलातून. नायट्रस फक्त ते जळू देतो. म्हणून दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात, एक नायट्रसचा आणि एक पेट्रोलचा. बटण दाबले की दोन्ही एकदम उघडतात.

आता दोघांच्या ताकदीतला फरक पाहा. बाटलीतला दाब साधारण ९०० ते १००० पौंड असतो. आपण चाकात हवा भरतो ती ३० पौंड. आणि कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब किती? जेमतेम ६-७ पौंड. म्हणजे नायट्रस हमखास येणार. पेट्रोल येईलच याची खात्री नाही. पंप थकला, फिल्टर तुंबला, तर प्राणवायू भरपूर आणि पेट्रोल कमी अशी अवस्था होते. मिश्रण भलत्या वेळी स्फोटासारखे पेटते, उष्णता भडकते आणि काही सेकंदांत पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम वितळते.

इथे फ्युएल प्रेशर सेफ्टी स्विच कामाला येतो. अंगठ्याएवढी ही वस्तू पेट्रोलच्या नळीवर बसते. आत एक पडदा आणि एक स्प्रिंग. दाब पुरेसा असेल तर पडदा स्प्रिंगला रेटतो आणि वीज जोडली जाते. दाब घसरला की स्प्रिंग जिंकते, वीज तुटते आणि दोन्ही सोलेनॉइड बंद होतात. इंजिन चालूच राहते, फक्त जादा ताकद जाते.

बसवताना पहिली गोष्ट म्हणजे जागा. प्रेशर रेग्युलेटरच्या पुढे, पेट्रोलच्या सोलेनॉइडच्या शक्य तितके जवळ. फिल्टरच्या अलीकडे बसवला तर तुंबलेला फिल्टर त्याला दिसणारच नाही. आट्यांना पातळ सीलंट लावावे. टेफ्लॉनच्या टेपचा धागा सुटून सोलेनॉइडमध्ये अडकू शकतो. दुसरी गोष्ट वायरिंग. सोलेनॉइडचा सगळा करंट या नाजूक स्विचमधून नेऊ नये. तो रिलेच्या कॉइलच्या वायरमध्ये, सीरिजमध्ये जोडावा. काम करताना बाटली बंद, बॅटरीची वायर सुटी. शेवटी इंजिन न चालवता फक्त पंप चालू करून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. कागद ओला झाला तर काम अपुरे आहे.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जुळणी. स्विच गाडीवर चढवण्यापूर्वी टेबलावर घ्यावा. एका टी-जोडावर स्विच, बारीक दाब दाखवणारा गेज आणि सायकलचा पंप लावावा. दोन टोकांना मल्टिमीटर. दाब भरून मग हळूहळू सोडायचा आणि वीज कुठे तुटते ते पाहायचे. जुळण्याचा आणि तुटण्याचा आकडा थोडा वेगळा असतो. आपल्याला हवा तो दाब उतरतानाचा. बहुतेक स्विचमध्ये दोन टोकांच्या मधे बारीक स्क्रू असतो. तो पाव पाव आटा फिरवून पुन्हा मोजावे.

आकडा किती ठेवायचा? सोलेनॉइड उघडल्यावर दाब थोडा खाली येतोच. तसा आमच्या गाडीत तो ६ पौंड राहायचा, म्हणून आम्ही ५ वर ठेवला. फार जवळ ठेवला तर नायट्रस चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. फार खाली ठेवला तर स्विच असून नसल्यासारखा. इंजेक्शनच्या गाड्यांत दाब ४० ते ६० पौंडांच्या घरात असतो, त्यामुळे त्यांचा स्विचच निराळा.

आता माझी चूक. एका शनिवारी गाडी निम्म्या अंतरावर नायट्रस तोडू लागली. दोनदा तसे झाले. मी म्हणालो, “स्विच बिघडलाय,” आणि दोन वायरी पिळून एकत्र केल्या. तिसऱ्या फेरीत मोठा आवाज झाला आणि पांढरा धूर आला. शेजारी सुखरूप उतरले, हे नशीब. इंजिन उघडले तर एका पिस्टनला रुपयाएवढे भोक. फिल्टर उघडला तर तो टाकीतल्या गंजाने भरलेला. स्विच दोन्ही वेळा खरेच बोलत होता. शेजारी मला एका शब्दानेही बोलले नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले.

मात्र स्विच सर्वज्ञ नाही, हेही सांगायला हवे. तो दाब ओळखतो, प्रवाह नाही. पेट्रोलचा सोलेनॉइडच बंद अवस्थेत अडकला तर नळीतला दाब पुरेपूर राहील आणि स्विच ‘ठीक आहे’ म्हणेल. म्हणून शर्यतीच्या दिवशी पेट्रोल खरोखर वाहते का, हे वेगळे तपासावे लागते. आणि हा सगळा खेळ शर्यतीच्या धावपट्टीवरचा, रस्त्यावरचा नव्हे.

घरी फोनवर ही हकिकत सांगितली तेव्हा वडील हसले नाहीत. एवढेच म्हणाले, “डबी बंद पडली म्हणून तिच्यावर चिडू नये. ती का बंद पडली, ते आधी बघावं.” मोटार जळाली तेव्हाच त्यांना हे उमगले होते. मला त्यासाठी एक इंजिन लागले.