जुनी टर्बो गाडी ओढत नसेल तर

कवठे महांकाळ हा अवर्षणप्रवण तालुका. उन्हाळ्यात शेतरस्त्यांवर धुरळा उठतो आणि तो आधी एअर फिल्टरमध्ये साठतो. त्यामुळे २००२ साली आलेल्या स्कॉर्पिओसारखी जुनी टर्बो डिझेल गाडी चढाला दमू लागली, की तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

टर्बोचं काम असं: सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात कोंबतो. ही हवा कुठेही कमी पडली, की डिझेल नीट जळत नाही. काळा धूर आणि ओढ कमी, ही त्याची खूण.

फिल्टर स्वच्छ असेल तर टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप पाहा. चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला असते आणि दाब आल्यावरच उघडते. रेस दिल्यावर फुसफुस ऐकू येते. क्लिप सैल झालेली असते, व्हॅक्यूमची बारीक नळी तडकलेली असते. हे दुरुस्त करायला टर्बोच्या तुलनेत फारच थोडे पैसे लागतात, म्हणून ‘टर्बो गेला’ हा निकाल घाईने मान्य करू नका.

निळसर धूर मात्र गंभीर. इंजिन ऑइल जळतंय. टर्बोचं सील किंवा पिस्टन रिंग बघावी लागेल. गाडी झटके देत असेल तर डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा.

लांबून जोरात आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवूनच बंद करा. तापलेल्या बेअरिंगला तेवढं तेल मिळायलाच हवं.