पोर्ट ट्रिगरिंग

पोर्ट ट्रिगरिंग ही घरगुती राउटरमध्ये बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी पोर्ट तात्पुरते उघडण्याची पद्धत आहे. एरवी राउटर अशी जोडणी अडवतो. ती घरातील कोणत्या संगणकाची, हे त्याला ठाऊक नसते. आयआरसी हे याचे जुने उदाहरण. संगणक सर्व्हरच्या ६६६७ क्रमांकाच्या पोर्टशी जोडला गेला, की ओळख पडताळण्यासाठी सर्व्हर उलट संगणकाच्या ११३ क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी करू पाहतो. तसा नियम नोंदवलेला असल्यास ६६६७ कडे जाणारी माहिती दिसताच राउटर ११३ उघडतो आणि येणारी जोडणी त्याच संगणकाकडे वळवतो. वापर थांबल्यावर काही वेळाने पोर्ट बंद होते. पोर्ट फॉरवर्डिंगप्रमाणे संगणकाचा आयपी पत्ता आधी नोंदवावा लागत नाही. मात्र उघडलेले पोर्ट एका वेळी एकाच संगणकाला मिळते. शिवाय सुरुवात आतूनच व्हावी लागत असल्याने घरी सर्व्हर चालवण्यास ही पद्धत निरुपयोगी आहे.