कंबरेला विश्रांती किती?

पाण्याची बादली उचलताना कंबरेत उसण भरते आणि घरात लगेच एकमत होते, ‘आता पंधरा दिवस अंथरुणातून उठायचे नाही.’ सल्ला मायेचा असतो. कंबरेच्या हिताचा मात्र नसतो.

असे का? कंबरेत पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये गाद्या. दिवसभर भार पडला की गादीतले थोडे पाणी बाहेर जाते; रात्री आडवे झालो की ते परत आत येते. या भरती-ओहोटीने गादीच्या पोषणाला मदत होते. सतत पडून राहिल्यास ओहोटीच होत नाही. गादी फुगते, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊ लागतो आणि कण्याला लगटून असलेले खोलवरचे छोटे स्नायू रोडावतात. कणा सावरून धरण्याचे काम याच स्नायूंचे असते.

बर्लिनमध्ये २००३ ते २००५ या काळात निरोगी तरुणांना आठ आठवडे अंथरुणावर ठेवून हे तपासले गेले. ते उठून चालू लागले, तरी कंबरेतले काही बदल पुढे कित्येक महिने टिकून होते. म्हणजे पाय चालू लागले म्हणून कंबर बरी झाली, असे समजू नये.

मग दुखत असताना काय करावे? हेलसिंकीत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबर धरलेल्यांचे तीन गट केले होते. एकाला दोन दिवस झोपून राहण्यास सांगितले, दुसऱ्याला व्यायाम दिले, तिसऱ्याला झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला.

मणक्याच्या क्षयासारख्या गंभीर आजारातही पूर्वी रुग्णाला महिनोन् महिने प्लास्टरच्या साच्यात निजवीत. पुढे कोरिया आणि मद्रास येथील अभ्यासांत दिसले, की योग्य औषधे नियमित घेणारे बहुतेक रुग्ण हिंडते-फिरते राहूनही बरे होतात. जुहूचे रहिवासी अमिताभ बच्चन यांना २००० साली हाच आजार झाला होता. ‘कौन बनेगा करोडपती’ तेव्हा नुकतेच सुरू होत होते. बसणेही कठीण होते आणि उपचार जवळपास वर्षभर चालले, असे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितले. अर्थात अशा आजारात किती हिंडावे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

साध्या उसणीत फारच दुखत असेल तर एक-दोन दिवस पडावे, पण अधूनमधून उठावे. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांचा आधार घेऊन बसावे. पहिल्या दिवशी घरातल्या घरात, मग सोसायटीच्या आवारात चालावे. जुहू चौपाटी जवळ असली तरी सुरुवातीला मऊ वाळू टाळून सपाट रस्ता धरावा. थोडे दुखले म्हणजे इजा झाली, असे नाही. शस्त्रक्रियेमुळे किंवा अस्थिभंगामुळे बरेच दिवस झोपून राहावे लागले असेल, तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून ते काही महिने चालू ठेवावेत.

मात्र पायातली शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, ही लक्षणे दिसताच तडक रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे किंवा पडल्यानंतरचे दुखणे असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई नको. एरवी मात्र कंबरेचे औषध गादीवर नाही. ते आपल्या पावलांत आहे.