बावीस खोल्या, एक बादली

माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी दरेकसा स्टेशनवर उतरले होते. वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या गोंड भाविकांची गर्दी धनेगावच्या वाटेला लागलेली. उन्हातून जरा सावली मिळावी म्हणून मी एका गल्लीत वळले आणि वासाने थांबले. ओल्या शेणमातीचा वास. एक बाई अंगण सारवत होती. उकिडवी बसून, उजव्या हाताने अर्धगोल ओढत, एकेक पाऊल मागे सरकत. माझ्या आजीच्या घरचा वास तीस वर्षांनी अचानक समोर आला, म्हणून मी तिथेच उभी राहिले. बाईंनी वर पाहिलं, बसायला खाट दाखवली आणि हात न थांबवता म्हणाल्या, "सांजच्याले सेन, सकारी फिनाइल. याच हातानं बावीस खोल्या पुसतो जी."

बावीस खोल्या. हा आकडा मी नागपूरला घेऊन आले.

आमच्या घरी तेव्हा फरशी पुसण्यावरूनच वाद चालू होता. आईचे गुडघे गेलेले, वाकून पोछा मारणं बंद. पुण्याचा भाऊ म्हणत होता, वाफेचा मॉप घेऊ. वहिनी म्हणत होती, फिरत्या बादलीचा बरा. फोनवर तीन आठवडे हीच चर्चा. दोन खोल्यांच्या घरासाठी एवढा विचार आम्ही करत होतो, आणि तिकडे एक बाई रोज बावीस खोल्या पुसत होती. ती कशाने पुसते हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. ते विचारायला मी जुलैत पुन्हा गेले.

गोंदियाहून आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. पुढे बोरतलाव आलं की छत्तीसगड सुरू. जुलैत या वाटेवर दोन्ही अंगांना रोवणी चालू असते, बांध्या पाण्याने भरलेल्या, आणि गावातला प्रत्येक पाय चिखल घेऊन घरात येतो. फरशी पुसण्याची खरी परीक्षा बघायची तर हाच महिना.

बाई मुलींच्या ज्या वसतिगृहात काम करतात तिथे सकाळी साडेसहाला पोहोचले. आत पांढऱ्या टाइल, बाहेरचा लांब व्हरांडा सिमेंटच्या कोब्याचा, जागोजागी भेगा गेलेला. मुली नळावर. आधी झाडू, मग पोछा, हा क्रम. बाईंकडे फिरत्या बादलीचाच मॉप होता, म्हणजे फिरकीचा पोछा. दांडा दाबला की जाळीदार टोपली गरगर फिरते आणि ओल्या झुपक्यातलं पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. वॉशिंग मशीनमध्ये कपडे वाळतात ते याच तत्त्वावर. हाताने पिळावं लागत नाही, कमरेत वाकावं लागत नाही.

पण मी पाहिलं तेव्हा बाई पिळतच होत्या. प्लास्टिकची टोपली मार्चमध्ये तडकली होती. तेव्हापासून त्या झुपका दांड्यावरून काढायच्या, फिनाइलच्या पाण्यात हात घालून पिळायच्या, पुन्हा बसवायच्या. बादली आणि दांडा शाबूत असूनही सुटी जाळी काही त्यांना मिळाली नव्हती. चार महिने त्यांची मनगटं त्या टोपलीचं काम करत होती.

"मग दुसरं काही दिलं नाही का कोणी?"

"देल्लं ना जी. कपाटात हाये."

कपाटात वाफेचा मॉप होता. शहरातल्या काही दानशूर मंडळींनी मुलींच्या आरोग्यासाठी म्हणून मनापासून दिलेला. खोका जपून ठेवलेला, माहितीपुस्तिका इंग्रजीत. खोक्यावर जंतू मरण्याची टक्केवारी मोठ्या अक्षरांत. अधीक्षिकांची परवानगी घेऊन आम्ही तो बाहेर काढला. घरातला तीन आठवड्यांचा वाद इथे एका सकाळी मिटणार, असं मला वाटलं.

यंत्र साधंच आहे. टाकीत पाणी भरायचं, आतला हीटर ते उकळवतो, वाफ खालच्या कापडी पॅडमधून फरशीवर येते. साबण नाही, फिनाइल नाही. या यंत्रावर १३०० वॅट लिहिलेलं. याला साधा पाच अँपिअरचा प्लग पुरत नाही, जाड पिनांचा पॉवर प्लग लागतो. वसतिगृहात तो एकच, कार्यालयात. शिपाई एक्स्टेन्शन घेऊन आला. त्याची वायर इतकी बारीक होती की मी ती लावू दिली नाही. ओल्या फरशीवर बारीक वायरीतून एवढी वीज खेळवणं हा जिवाशी खेळ आहे. म्हणून वायर पोहोचेल त्या कार्यालयाशेजारच्या खोलीपासूनच सुरुवात केली.

पहिली खोली झाली आणि बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. फरशी मिनिटभरात कोरडी. कोपऱ्यात पडलेला तेलाचा जुना डाग निघाला. बाईंनी तळवा नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"हाताले वासच नाही येत जी."

त्या हसल्या नाहीत, नुसत्या हात बघत राहिल्या. फिनाइलने त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा गेल्या आहेत. नखांच्या कडेला कातडी पांढरी पडून सोलते. दुपारी भाकर मोडतानासुद्धा तो वास येतो, असं त्यांनी मागे सांगितलं होतं. वाफेच्या मॉपचं याहून मोठं कौतुक मला कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही आणि ते पूर्ण खरं आहे. ज्याला रसायन सोसत नाही त्याच्यासाठी हे यंत्र वरदान आहे.

दुसऱ्या खोलीत अडचणी दिसू लागल्या. वाफ मळ सैल करते, पण उचलत नाही. उचलायचं काम पॅडचं. रोवणीच्या दिवसांतला लाल-काळा चिखल पॅडने एका खोलीत पिऊन टाकला आणि मग तोच चिखल पसरू लागला. पॅड दोनच होते. टाकी अर्ध्या लिटरचीही नव्हती, दुसरी खोली संपता संपता रिकामी झाली. पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा तापेपर्यंत थांबायचं. बोअरचं पाणी असं की चहाच्या भांड्यात पांढरा थर धरतो. तोच थर या यंत्राच्या बारीक नळीत धरणार. जंतूंचं म्हणाल तर वाफ एका जागी काही क्षण धरून ठेवली तरच ती नीट काम करते. झाडल्यासारखा मॉप भराभर फिरवला तर फरशी नुसती कोमट होते. तिसऱ्या खोलीच्या दारात वीज गेली. पाऊस होता, ती दहा वाजेपर्यंत आली नाही.

मी घड्याळ लावलं होतं. भरणं, तापवणं, पॅड बदलणं धरून एका खोलीला नऊ मिनिटं. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला, "बावीस नवे?" एकशे अठ्ठ्याण्णव. तीन तास अठरा मिनिटं, तेही वीज राहिली तर. मुली नाश्ता करून खोल्यांत परततात त्याच्या आत बाईंना सगळं आटोपायचं असतं.

उरलेल्या खोल्या त्यांनी आपल्या मोडक्या बादलीनेच पुसल्या आणि मी मागे मागे फिरले. खोलीला चार मिनिटं. तीन खोल्या झाल्या की पाणी बदलायचं, हा त्यांचा नियम त्या कधी मोडत नाहीत. घाण पाण्याने पुसणं म्हणजे चिखल सारखा वाटून देणं, असं त्यांचं म्हणणं. बावीस खोल्यांना आठ बादल्या. नळ व्हरांड्याच्या टोकाला. आठ वेळा भरलेली बादली घेऊन येताना त्यांचा डावा खांदा खाली झुकतो. मला सगळ्यात जास्त आठवतो तो झुकलेला खांदा. मॉप कोणता घ्यावा हे सांगणाऱ्या जाहिरातीत बादली उचलणारा खांदा कधी नसतो. तळाला चाकं आणि पाणी सोडायची बुचाची नळी असलेली बादली साध्या बादलीहून थोडी महाग पडते, पण बाईंना आठ फेऱ्यांत तीच उपयोगी पडली असती.

उभ्याने फरशी पुसता येणं ही अनेक घरांत तशी अलीकडची कमाई आहे. स्पेनमधले एक विमान-अभियंता, मान्युएल हालोन, यांनी १९५६ साली पिळणीची सोय असलेली बादली आणि लांब दांड्याचा पोछा बाजारात आणला. त्यामुळे तिथल्या बायकांचे गुडघे जमिनीवरून उठले. त्याआधी गुडघे टेकून फरशी घासणाऱ्या मोलकरणींच्या गुडघ्याच्या वाटीवर पाण्याची सूज यायची. इंग्रज डॉक्टरांनी त्या दुखण्याला नावच 'मोलकरणीचा गुडघा' असं दिलं. आपल्याकडे गुडघे टेकत नाहीत, उकिडवं बसतात; भार सांध्यावर वेगळ्या तऱ्हेने येतो, पण येतोच. माझ्या आईने पन्नास वर्षं फरशी उकिडवी बसून पुसली. तिला दांडा हातात मिळाला तो गुडघे गेल्यावर.

संध्याकाळी बाईंच्या घरी गेले. शेजारी घरकुलाच्या भिंती उभ्या आहेत, प्रधानमंत्री आवास योजनेतलं २५ चौरस मीटरचं घर, आत अजून मुरूम भरलेला, फरशी व्हायची आहे. राहतं घर मातीचं. भिंतीच्या पायथ्याशी पांढऱ्या मातीचा पट्टा ओढलेला. घरची बैलजोडी गेली, नांगरणी आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. शेण शेजारणीकडून मागून आणावं लागतं, आणि तिच्याकडेही एकच गाय. म्हणून पूर्वी आठवड्यातून दोनदा व्हायचं ते सारवण आता एकदा होतं.

मी या वेळी खाटेवर बसले नाही, शेजारी उकिडवी बसले. ताजं शेण, चाळलेली माती, पाणी. किती, हे विचारल्यावर बाईंनी बोटावरून घसरणारा काला दाखवला. हाताची बोटं किंचित फाकलेली, मनगट सैल, पहिला अर्धगोल दुसऱ्याच्या कडेवर चढलेला. मातीची जमीन पुसता येत नाही, पाणी लागलं की तिचा चिखल होतो. तिला पुसायचं नसतं, तिच्यावर रोज उडणाऱ्या धुळीला नवा पातळ थर देऊन बसवायचं असतं. इथे ना वाफ चालते ना फिरकी. हाताइतकं नेमकं काही चालत नाही. दहा मिनिटांत माझ्या मांड्या थरथरू लागल्या. बाई पंचेचाळीस मिनिटं तशाच होत्या, तेही सकाळी बावीस खोल्या उरकून.

या वासावर माझं प्रेम आहे, म्हणूनच एक गोष्ट सांगणं भाग आहे. शेणाने जमीन शुद्ध होते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. गावातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी नाळेला काहीही लावू नका म्हणून बजावतात त्याचं कारण हेच. सारवलेली जमीन धूळ धरते, पायाला गार लागते, डोळ्यांना बरी दिसते. जंतू मारत नाही. बाईंनाही हे ठाऊक आहे. घरकुलात टाइल बसली की त्या सारवणार नाहीत. "अंगन तेवढं सारवीन," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तो वाफवाला माह्या नव्या घरी चांगला होता जी. दोनच खोल्या."

बरोबर बोलल्या. दोन खोल्या, गुळगुळीत टाइल, जवळ पॉवर प्लग, फिनाइल नको असलेले हात: वाफेचा मॉप अशाच घरासाठी आहे. कोबा, शहाबादी, पॉलिश नसलेला दगड, लाकूड अशा पाणी पिणाऱ्या फरशीवर तो वापरू नये. भेगा गेलेल्या व्हरांड्यावर तर मुळीच नाही. रोज चिखलाचे पाय येतात, खोल्या अनेक आहेत आणि विजेचा भरवसा नाही, तिथे फिरकीचाच पोछा घ्यावा. टोपली मात्र स्टीलची घ्या, प्लास्टिकची टोपली रोजच्या दाबाने तडकते. खोल्यांसाठी पाण्यात थोडा साबण पुरतो; फिनाइल संडास-न्हाणीपुरतं ठेवावं आणि त्यासाठी रबरी हातमोजे द्यावेत.

आईसाठी आम्ही स्टीलच्या टोपलीची, चाकांची बादली घेतली. तशीच एक, हातमोज्यांचे चार जोड घालून, दरेकसाला पाठवली. वाफेचा मॉप अजून वसतिगृहाच्या कपाटात आहे. देणगीतली वस्तू म्हणून तो परस्पर कुणाला देता येत नाही.

तुम्हाला कुठल्या वसतिगृहाला किंवा आश्रमशाळेला काही द्यायचं असेल, तर खोका पाठवण्याआधी तिथे फरशी पुसणाऱ्या बाईंशी एकदा बोला. काहीच सुचलं नाही तर पोछ्याचे सुटे झुपके पाठवा. बावीस खोल्यांना महिन्याला दोन लागतात.