उपक्रम की अध्यासन?

रूढ चौकटीबाहेरच्या लैंगिकतेचा, म्हणजेच क्वीअर अभ्यास विद्यापीठात रुजतो कशाने? मला येलचे उदाहरण बोलके वाटते. १९९७ साली माजी विद्यार्थी, नाटककार लॅरी क्रेमर यांनी समलिंगी अभ्यासाच्या कायम प्राध्यापकपदासाठी देऊ केलेली देणगी येलने नाकारली. २००१मध्ये त्यांचे बंधू आर्थर यांच्या दहा लाख डॉलरांतून पाच वर्षांचा उपक्रम सुरू झाला. मुदत सरताच थांबला. हार्वर्डमध्ये मात्र २००९ साली माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून समीक्षक एफ. ओ. मॅथिसन यांच्या नावे अध्यासन उभे राहिले. तिथले प्राध्यापक पाहुणे असतात, पण गुंतवलेल्या निधीच्या उत्पन्नावर पद टिकते. म्हणून देणगीदाराने आधीच विचारावे : मुदत संपल्यावर शिकवणार कोण?