मॉरिशस: समज, गैरसमज आणि घरातली गणितं

मॉरिशसचा विषय निघाला की आपल्याकडचं बोलणं ठरावीक वाटांनी जातं. मधुचंद्राची सहल, शेअर बाजारात त्या मार्गाने येणारा पैसा आणि ‘तिकडे आपलीच माणसं आहेत’ हा अभिमान. अलीकडे त्यात अगालेगा बेटावरच्या धावपट्टीची भर पडली आहे. या प्रत्येक गोष्टीला काही ना काही आधार आहे, पण त्यावरून काढले जाणारे निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतात.

हा देश गोव्याहून लहान आहे. सगळी बेटं मिळून जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर जमीन आणि साडेबारा लाखांच्या आसपास लोक. पण वादातला चागोस द्वीपसमूह धरला तर त्याच्या हक्काचं समुद्री क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे जवळपास भारताच्या समुद्री आर्थिक क्षेत्राएवढं. दिल्ली, बीजिंग, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या सगळ्यांनाच मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईशी संबंध सांभाळावेसे का वाटतात, ते या एका आकड्यावरून कळतं. आणि पोर्ट लुई त्यांच्याशी असं का वागतं हे समजून घ्यायचं तर त्या देशाच्या घरातली गणितं आधी पाहावी लागतात.

‘मॉरिशस म्हणजे छोटा भारत’

सुमारे दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे, हे खरं आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला तिथे उतरले. ते ज्या पायऱ्या चढून गेले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. स्वातंत्र्यासाठी १२ मार्च हा दिवस निवडला तोही दांडीयात्रेची आठवण म्हणून.

पण १९६८ चं ते स्वातंत्र्य सगळ्यांना हवं होतं असं नाही. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत ४० टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या बाजूला पडली. इंग्रज गेले की हिंदू बहुसंख्याकांचं राज्य येईल आणि आपल्याला जागा उरणार नाही, अशी भीती गुलामांच्या वंशजांत, म्हणजे क्रिओल समाजात, तसंच फ्रेंच मळेवाल्यांत आणि इतर अल्पसंख्याकांत होती. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना पोर्ट लुईत दंगली पेटल्या आणि ब्रिटिश सैनिक आणावे लागले. हा देश जन्मला तो या धास्तीत, आणि त्याची राज्यघटनाही तिच्यातूनच घडली.

मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून ३ जण निवडून येतात, रॉड्रिग्स बेटावरून २. असे ६२ सदस्य झाले की त्यांत आणखी ८ पर्यंत जागांची भर घालता येते. निवडणूक हरलेल्या पण चांगली मतं मिळवलेल्या उमेदवारांतून, ज्या समाजाला प्रतिनिधित्व कमी मिळालं असेल त्याच्या लोकांना या जागा दिल्या जातात. तिथे हिला ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात. घटनेत त्यासाठी चार समाज नोंदले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे मिळून ‘सामान्य लोकसंख्या’. क्रिओल या शेवटच्या गटात येतात आणि गोरे मळेवालेही त्याच गटात. जागावाटप अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालतं, कारण त्यानंतरच्या जनगणनांमध्ये समाज विचारलाच गेला नाही. उमेदवाराने आपला समाज जाहीर केलाच पाहिजे या सक्तीवर २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने आक्षेप घेतला. पद्धत बदलायला हवी हे बहुतेक पक्ष मान्य करतात. बदलली तर आपल्या समाजाचं काय, या प्रश्नापाशी प्रत्येक सुधारणा अडते. मला ही पद्धत कालबाह्य वाटते, पण तिने एका भेदरलेल्या देशाला पहिली वर्षं सावरून धरलं हेही मान्य करायला हवं.

मराठी माणसांची गोष्ट या चौकटीतच समजून घ्यावी लागते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली माणसं बरीच होती. त्यांचे वंशज आज लोकसंख्येच्या दोनेक टक्के असतील. घटनेच्या लेखी ते हिंदू, पण रोजच्या व्यवहारात तमिळ आणि तेलुगू लोकांप्रमाणे तेही स्वतःची ओळख भोजपुरी हिंदूंपासून वेगळी सांगतात. गणेशचतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते, कोकणातल्या जाखडीचा नाच ‘झाकरी’ नावाने टिकून आहे आणि मराठी शाळेत शिकवली जाते. घरात मात्र बहुतेक जण क्रिओल बोलतात, जशी त्या देशातली बाकीची जनता बोलते. २०२३ मध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं तिथे अनावरण झालं तेव्हा आपल्याकडे फार आनंद झाला. तो रास्तच होता. पण त्या माणसांचं घर मॉरिशस आहे. त्यांचं मत कोणाला जाईल हे तिथली पेन्शन, नळाचं पाणी आणि मुलांच्या नोकऱ्या ठरवतात. त्यांच्यावर आपलं प्रेम असेल तर या गोष्टींची चौकशी आपण करायला हवी.

‘अगालेगा भारताला दिलं’

मुख्य बेटाच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवर अगालेगा ही दोन चिंचोळी बेटं आहेत. तिथे तीनेकशे लोक राहतात आणि नारळावर त्यांची गुजराण चालते. २०१५ मध्ये पंतप्रधान मोदींच्या भेटीत तिथल्या सोयी सुधारण्याचा करार झाला आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी भारताने बांधलेली सुमारे ३ किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का यांचं उद्घाटन झालं.

बेट भारताला दिलेलं नाही, विकलेलं नाही, मालकी मॉरिशसचीच आहे. तिथे लष्करी तळ होणार हे मॉरिशसच्या सरकारने सातत्याने नाकारलं आहे. तरीही तीनशे माणसांच्या बेटाला एवढी लांब धावपट्टी लागत नाही, हे मॉरिशसचे लोक उघडपणे म्हणतात आणि त्यांचं म्हणणं वाजवी आहे. समुद्रावर दूरवर टेहळणी करणारी विमानं तिथे उतरू शकतात आणि हिंदी महासागरावर नजर ठेवण्यात दोन्ही देशांचं हित आहे. हे दोन्ही सरकारांनी आपल्या लोकांना मोकळेपणाने सांगितलं असतं तर अफवांना एवढी जागा मिळाली नसती.

मॉरिशसला स्वतःचं सैन्य नाही. पोलीस दल, त्यातलंच निमलष्करी पथक आणि तटरक्षक दल, एवढाच सरंजाम. तटरक्षक दलाचा प्रमुख भारतीय नौदलाचा अधिकारी असतो, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारही परंपरेने भारतीय असतो. एखाद्या सार्वभौम देशाने एवढा विश्वास टाकणं दुर्मीळ आहे. म्हणूनच तो जपायची जबाबदारी भारतावर जास्त येते. २०२२ मध्ये मॉरिशस टेलिकॉमच्या माजी प्रमुखांनी असा आरोप केला की समुद्राखालच्या इंटरनेट केबलच्या केंद्रात परक्या तंत्रज्ञांना उपकरण बसवू द्यायला तिथल्या पंतप्रधानांनी सांगितलं. ते पथक भारतीय होतं. ते सर्वेक्षणासाठी आलं होतं, असा खुलासा सरकारने केला. खरं काय ते राहो बाजूला, पण त्या वादात भारताचं नाव तिथल्या घरगुती राजकारणात संशयाने घेतलं गेलं.

‘भारत की चीन, एक काय ते निवडावंच लागेल’

चीनबरोबरचा मॉरिशसचा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०२१ ला लागू झाला. आफ्रिकेतल्या कोणत्याही देशाशी चीनचा तो पहिलाच. भारताबरोबरचा करार १ एप्रिल २०२१ ला लागू झाला, आणि भारताचाही तो आफ्रिकेतला पहिलाच. मध्ये फक्त तीन महिने. विमानतळाची नवी इमारत चिनी कर्जातून झाली, मेट्रो भारताच्या मदतीतून झाली आणि ती मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने बांधली. रस्त्यांवरचे टेहळणी कॅमेरे हुआवे या चिनी कंपनीचे आहेत, सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत भारताच्या पैशातून उभी राहिली. अंतिम अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. त्रोमलां या चिमुकल्या बेटावरून फ्रान्सशी वाद चालू आहे, आणि त्याच फ्रान्सच्या रेयुनियों बेटाशी शेजारधर्मही चालू आहे.

प्रत्येकाशी बोलत राहायचं आणि कोणाच्याही एकट्याच्या हातात जायचं नाही, हे धोरण तिथे कोणताही पक्ष आला तरी टिकलं आहे.

‘काळ्या पैशाची खिडकी’

हा समज जुन्या काळात अडकला आहे. १९८२ च्या दुहेरी करआकारणी करारामुळे मॉरिशसमार्गे आलेल्या गुंतवणुकीच्या भांडवली नफ्यावर भारतात कर लागत नसे. तो लाभ अनेकांनी उकळला, त्यात भारतातलाच पैसा फिरवून परत आणणारेही होते. पण मे २०१६ मध्ये करार बदलला. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सच्या नफ्यावर भारत कर लावू शकतो. २०२० मध्ये काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने मॉरिशसला करड्या यादीत टाकलं, तेव्हा कायदे सुधारून दीड-पावणेदोन वर्षांत तो देश त्यातून बाहेर आला.

‘चागोसचा प्रश्न सुटला’

१९६५ मध्ये, स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली आणि बदल्यात ३० लाख पौंड दिले. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला तळ हवा होता. स्वातंत्र्य हवं असेल तर बेटं सोडा, असा तो सौदा होता आणि वसाहतीच्या नेत्यांपुढे खरा पर्याय नव्हता. पुढे १९७३ पर्यंत तिथल्या दीड-दोन हजार लोकांना बोटींत घालून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवण्यात आलं. मळे बंद, घरं मागे, आणि नव्या जागी ना काम ना छप्पर. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत त्यांच्या दोन पिढ्या गेल्या.

२०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लावजा मत दिलं की ही फाळणी बेकायदा होती. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ब्रिटनने बेटांवरून निघावं असा ठराव ११६ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. भारताने बाजूने मत दिलं. अर्ध्या शतकाची चिकाटी आणि कायद्याचा आधार यांवर एका सैन्यहीन देशाने हे मिळवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मग २२ मे २०२५ ला करार झाला. बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे येईल, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाड्याने राहील आणि ब्रिटन सरासरी वर्षाला १० कोटी पौंडांहून थोडं अधिक देईल. पण सही झाली म्हणजे हस्तांतरण झालं असं नव्हे, दोन्ही देशांतली मंजुरी आणि कायदे पूर्ण व्हावे लागतात. शिवाय ज्यांना हाकललं त्या चागोशियनांना बोलण्यांत स्वतःची खुर्ची नव्हती. त्यांच्यातले काही मॉरिशसबरोबर आहेत. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले अनेक जण मात्र विचारतात की आमच्या बेटांचा सौदा आम्हाला न विचारता दुसऱ्यांदा का झाला. इतर बेटांवर परतण्याची मुभा करारात आहे, दिएगो गार्सियावर नाही. त्यांचा प्रश्न या सहीने सुटलेला नाही.

‘तिथली लोकशाही निर्धोक आहे’

आफ्रिकेतली सर्वांत मजबूत लोकशाही म्हणून मॉरिशसचं नाव घेतात. सत्ता मतपेटीतून शांतपणे बदलते, हे खरंच. पण १९६८ पासून पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांबाहेर एकदाच गेलं: २००३ ते २००५ मध्ये पॉल बेरांजे यांच्याकडे. ते फ्रेंच वंशाचे आणि आजवरचे एकमेव बिगरहिंदू पंतप्रधान. १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मेला तेव्हा क्रिओल वस्त्यांत उसळलेल्या दंगलींनी दाखवून दिलं की आर्थिक चमत्कार सगळ्यांच्या दारात पोचलेला नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात नेते, पत्रकार, अधिकारी यांच्या चोरून ध्वनिमुद्रित केलेल्या फोन संभाषणांचा एकेक तुकडा इंटरनेटवर येऊ लागला. १ नोव्हेंबरला, मतदानाला नऊच दिवस असताना, सरकारने समाजमाध्यमं बंद करण्याचा आदेश काढला. एवढा ओरडा झाला की दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. १० नोव्हेंबरला मतदारांनी विरोधी आघाडीला मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा दिल्या. असं आधी १९८२ आणि १९९५ मध्येही घडलं होतं. सुमारे ६० टक्के मतांवर सगळ्या जागा मिळाव्यात हे सुदृढ लक्षण नाही. सभागृहात सरकारला जाब विचारायला बेस्ट लूझर पद्धतीने आलेले मोजकेच लोक उरतात.

नवं सरकार सगळ्यात आधी अडकलं ते म्हाताऱ्यांच्या प्रश्नात. साठी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, श्रीमंत असो वा गरीब, सरकारी पेन्शन ही तिथली जुनी आणि लाडकी योजना. प्रत्येक निवडणुकीत रक्कम वाढवण्याची चढाओढ लागे. पण मुलं कमी जन्मतात, तरुण बाहेर जातात, कापड कारखाने आणि बांधकामं बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्करच्या मजुरांवर चालतात. सरकारी कर्ज देशाच्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळ पोचलं. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचं जाहीर झालं आणि लोक रस्त्यावर आले. पाण्याचं दुखणं तर जुनंच. पाऊस चांगला होतो, पण शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा भाग जुनाट नळांतून गळून जातो आणि उन्हाळ्यात टँकर फिरतात.

इथे बाहेरचं आणि आतलं एकत्र येतं. चागोसच्या भाड्याची रक्कम त्याच अर्थसंकल्पात कर्ज कमी करण्यासाठी धरली गेली. लंडनमध्ये मंजुरी रखडली किंवा वॉशिंग्टनचा सूर बदलला की पोर्ट लुईत जमा धरलेला पैसा लांबतो, आणि पेन्शनवरून रस्त्यावर उतरलेल्या लोकांना द्यायला सरकारकडे तेवढं कमी उरतं.