टायर ते गादिर : फिनिशियन बंदरांची साखळी

आजच्या लेबनॉन आणि सीरियाच्या किनाऱ्यावर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये शेतीला जेमतेम पुरेल एवढीच चिंचोळी पट्टी आहे. या पट्टीवरील आणि तिच्यालगतच्या बेटांवरील टायर, सिदोन, बिब्लोस आणि अरवाद या नगरांतील दर्यावर्दींना ग्रीक लोक फिनिशियन म्हणत. त्यांचे एकछत्री राज्य कधीच नव्हते. प्रत्येक नगराला स्वतंत्र राजा असे आणि नगराची भरभराट मुख्यतः सागरी व्यापारावर चाले. डोंगरातील देवदाराचे लाकूड इजिप्तला जाई, तर म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायींच्या ग्रंथींतून काढलेल्या जांभळ्या रंगाच्या वस्त्रांना राजदरबारी मोठे मोल मिळे.

पश्चिम आशियात देवघेव प्रामुख्याने चांदीच्या वजनावर होत असे आणि ॲसिरियाचे बलाढ्य राजे या नगरांकडून खंडणीही वसूल करीत. त्यामुळे चांदीचा शोध घेत फिनिशियन गलबते इ. स. पू. नवव्या-आठव्या शतकांत भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकापलीकडे, स्पेनमधील रिओ तिंतो परिसरातील खाणींच्या जवळ पोहोचली. ही चांदी खनिजात मिसळलेली असल्यामुळे ते शिशाबरोबर वितळवावे लागे. शिसे चांदीला आपल्यात सामावून घेई, आणि नंतर ते हवेच्या झोतात तापवले की शिशाचे मुरदाडशिंग, म्हणजे ऑक्साइड, होऊन चांदी मागे उरे. आग्नेय स्पेनमधील माझारॉन येथे १९९४ मध्ये सापडलेले इ. स. पू. सातव्या शतकातील गलबत या उद्योगाची प्रत्यक्ष साक्ष देते. अवघ्या आठेक मीटर लांबीच्या या गलबतात सुमारे २,८०० किलो मुरदाडशिंग भरलेले होते, कारण ते भट्टीत गाळून त्यापासून पुन्हा शिसे मिळवता येते. फळ्यांच्या कडांमध्ये समोरासमोर खाचा पाडून, त्यांत लाकडी पट्ट्या बसवून आणि वरून खुंट्या ठोकून त्याची बांधणी केलेली आहे.

असा उद्योग एका खेपेत उरकणारा नव्हता. हिवाळ्यातील वादळांमुळे दूरची जलवाहतूक बहुतांशी थांबत असल्याने मालासाठी कोठारे, गलबतांसाठी आसरा, खलाशांसाठी गोडे पाणी आणि खाणकऱ्यांशी व्यवहार करायला कायमची वस्ती हवी होती. म्हणूनच फिनिशियनांनी स्वतः बेटावर वसलेल्या टायरसारख्याच जागा पुनःपुन्हा निवडल्या : जिब्राल्टरपलीकडील गादिर, सिसिलीजवळचे मोत्या आणि मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मोगादोर ही तीन ठिकाणे किनाऱ्यालगतच्या बेटांवर होती, तर परंपरेनुसार इ. स. पू. ८१४ मध्ये टायरच्या लोकांनी स्थापलेले कार्थेज समुद्रात घुसलेल्या भूशिरावर उभे राहिले. अशा जागेचे रक्षण थोड्या माणसांना करता येई आणि वारा फिरला तरी एखादी बाजू नांगर टाकण्याजोगी राही. सुरुवातीच्या काळात भोवतालचा मुलूख जिंकण्यापेक्षा तिथल्या लोकांशी तेल, मद्य आणि कारागिरीच्या वस्तू देऊन धातू घेण्याचा व्यवहार टिकवणे त्यांना अधिक लाभाचे होते.

या रचनेचे सामर्थ्य मूळ नगरांच्या पडत्या काळात दिसून आले. बॅबिलोनच्या दीर्घ वेढ्याने टायर खिळखिळे झाले आणि इ. स. पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने समुद्रात बांध घालून ते जिंकले, तरी पश्चिमेकडील बंदरे स्वतःच्या बळावर चालत राहिली. त्यांतील कार्थेज पुढे स्वतःच साम्राज्य बनले आणि इ. स. पू. १४६ मध्ये रोमने ते उद्ध्वस्त केले. व्यापारी बंदर म्हणून वाढलेले गादिर मात्र रोमन सत्तेखालीही समृद्ध राहिले आणि आज कादिस या नावाने नांदते आहे. फिनिशियनांचे खरे कर्तृत्व मुलखाच्या विस्तारावरून मोजता येत नाही. हजारो किलोमीटरांवरील अनोळखी समाजांना नियमित देवघेवीने जोडणारी व्यवस्था त्यांनी शतकानुशतके चालवली, यातच त्यांचे मोठेपण आहे.